यहूद्यांच्या कोंडवस्तीतील जीवन : मोठ्या मुलांच्या वर्गाकरिता पाठ

शिक्षकबंधूंनो, हा पाठ मृतांच्या संख्येने आरंभू नये. संख्येत माणूस दिसत नाही. वॉर्सा शहरी जर्मन सत्तेने १९४० च्या नोव्हेंबरात चार लाखांच्या सुमारास यहूदी भिंतीआड कोंडिले. भूक व ताप यांनी नित्य माणसे मरत. तरी तेथे चोरून शाळा भरत, आणि लहान मुले भिंतीच्या भोकांतून भाकर आणीत. डॉ. कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी १९४२ च्या जुलैत रवींद्रनाथांचे 'डाकघर' नाटक करून दाखविले. (दुखणाईत मुलाचीच गोष्ट का निवडिली असेल, हे वर्गास विचारावे, व उत्तराची घाई करू नये.) पुढच्याच महिन्यात त्या मुलांस त्रेब्लिंकास नेऊन मारिले, डॉक्टर शेवटपर्यंत त्यांजबरोबर राहिले. मारणाऱ्यांच्या देशात तेव्हा रविवारी देवळे भरत होती, हेही मुलांपासून लपवू नये.