पाठ-टिपण : मोटारसायकल आणि राखावयाचे अंतर

इयत्ता : ७ वी. वेळ : ४० मिनिटे. साहित्य : मोजपट्टी, चुना, घड्याळ.

प्रस्तावना : खेड्यातील मुले आईबापांच्या मागे मोटारसायकलवर बसून बाजारास व जत्रेस जातात, काही तर जाणतेपणापूर्वीच स्वतः गाडी हाती घेतात. ‘सावकाश चालवावे’ हा उपदेश त्यांनी पुष्कळदा ऐकलेला असतो. परंतु सावकाश म्हणजे किती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नसते. ते दाखविणे हा या पाठाचा हेतू होय.

पूर्वतयारी : ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात किती मीटर जाईल, हे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे. उत्तर सुमारे ११ मीटर येते. ताशी ६० किलोमीटरला ते सुमारे १७ मीटर होते. मैदानावर चुन्याने ही अंतरे आखावीत.

विषयप्रतिपादन : गुरू आडवे आलेले दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी आखलेल्या रेघेपर्यंत पोचलेली असते, हे मुलांना तेथे उभे करून दाखवावे. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर निराळेच. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला की ते सव्वादोनपट होते. ओला रस्ता, वाळू किंवा रस्त्यावर पसरलेले धान्य यांवर ते आणखी लांबते.

एकट्याने जाताना : निघण्यापूर्वी वाट व पोचण्याची वेळ घरी सांगावी. रात्री दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग असावा. ऊसतोडीच्या दिवसांत मागे दिवा नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडी वाटेत उभी असू शकते.

समूहाने जाताना : गाड्या शेजारी शेजारी चालवू नयेत. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी गेल्यावर आपण तेथे पोचेपर्यंत निदान दोन सेकंद जावेत; पावसात याहून अधिक. वेग सर्वांत नवख्या चालकाचा धरावा. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबावे. मागे पडल्याची भीती नसली, म्हणजे गाठण्यासाठी कोणी वेग वाढवीत नाही. जत्रेच्या वाटेवर पुष्कळ अपघात टाळण्याचा हा सोपा उपाय आहे.

संकलन : मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट आवश्यक आहे. ते भारतीय मानक ४१५१ चे असावे व त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षांपूर्वी मिळत नाही. मागे बसणारीने पदर किंवा ओढणी चाकाकडे लोंबू देऊ नये. अपघात घडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हेही मुलांच्या तोंडी असावे.

उपयोजन : पाच-सहा मुलांनी रांगेने मैदानातून चालावे. पुढच्याने एकाएकी थांबावे. अंतर न राखणारे कोठे आदळतात, ते इतरांनी पाहावे. प्रत्यक्ष वाहन मात्र मुलांच्या हाती देऊ नये.

शिक्षकांस सूचना : हेल्मेट आरशाला अडकवून अथवा तिघे एका गाडीवर बसून शाळेत येणाऱ्यांचा हा पाठ मुले ऐकून घेतील, शिकणार नाहीत.

स्वाध्याय : ताशी ५० किलोमीटर वेगाने एका सेकंदात कापले जाणारे अंतर काढा. ते घराच्या अंगणापासून पावलांनी मोजा व घरातील मोटारसायकल चालविणाऱ्यास दाखवा.