सर्व्होला अंगात येतं तेव्हा

टेक्निकल फेस्ट जवळ आला की वर्कशॉपमागच्या व्हरांड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, सर्व्हो गेला!" रिमोटला कोणी हात लावलेला नसतो, तरी गाडीची पुढची चाकं थरथरत असतात. मग वर्गणी निघते, कोणीतरी सायकल काढून बाजारात पळतो, नवा सर्व्हो बसतो... आणि चाकं पुन्हा तशीच थरथरतात. माझं स्पष्ट मत आहे की बऱ्याचदा सर्व्हो बिचारा निर्दोष असतो.

मित्रांनो, त्याच्या पोटात असतं तरी काय? एक छोटी डी.सी. मोटर, गिअर, एक पोटेन्शिओमीटर (आपला 'पॉट') आणि एक सर्किट. नेहमीच्या सेटमध्ये रिसीव्हर साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो. १.५ मिलिसेकंदांची पल्स म्हणजे 'मधे उभा राहा', १ किंवा २ म्हणजे या किंवा त्या टोकाला. शाफ्ट कुठे आहे ते पॉट सांगतो आणि दोन्हींत फरक दिसला की मोटर फिरते. म्हणजे हुकूम चुकला, पॉट खोटं बोलला किंवा पोटभर करंट मिळाला नाही, तरी बाहेरून दिसतं ते सारखंच.

आमच्या गाडीचं दुखणं विचित्र होतं. विटेवर ठेवून चाकं अधांतरी केली की स्टिअरिंग लोण्यासारखं. जमिनीवर आली की झटके. ट्रायलच्या दिवशी तर ती वळणावर सरळ दोरीपलीकडे बसलेल्या लहान मुलांकडे निघाली. मधे जुने टायर रचलेले होते म्हणून निभावलं. नवा सर्व्हो आणायचं टीममध्ये जवळजवळ ठरलंच होतं. मी म्हटलं, एक संध्याकाळ द्या.

जमिनीवर आणि हवेत फरक कशाचा? टायरच्या घर्षणाचा. उभ्या गाडीची चाकं वळवताना सर्व्होवर सगळ्यात जास्त लोड येतो आणि अडकलेला स्टँडर्ड सर्व्हो १ अँपिअरपेक्षा जास्त करंट सहज ओढतो. आमच्या स्पीड कंट्रोलरमधला बी.ई.सी. (बॅटरीच्या ७.४ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा भाग) जेमतेम १ अँपिअरचा. मल्टीमीटर मात्र निवांतपणे ५ व्होल्ट दाखवत होता, कारण एवढा क्षणिक खड्डा त्याला दिसतच नाही. म्हणून गाडी इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये नेली. ड्राइव्ह मोटर सोडवली, गाडी रबरी मॅटवर ठेवली आणि रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर ऑसिलोस्कोपचा प्रोब लावला. ट्रिगर ४.५ व्होल्टला, फॉलिंग एजवर. स्टिअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेलं आणि व्होल्टेज ३.४ पर्यंत कोसळलेलं पडद्यावर दिसलं! एवढ्या व्होल्टेजला काही रिसीव्हर क्षणभर बंदच पडतात. मग गाडी कोणाचं ऐकणार?

अशा वेळी सल्ला मिळतो, 'एक कपॅसिटर टाक, झालं.' थोडं गणित करा. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून १ अँपिअरची तूट भागवली, तर १ मिलिसेकंदात १ व्होल्ट उतरतो. चाकं या टोकाहून त्या टोकाला जायला त्याच्या शंभरपट वेळ लागतो. अगदी छोट्या खड्ड्यांना कपॅसिटर ठीक, उपाशी सर्व्होचं पोट त्यानं भरत नाही. आम्ही ३ अँपिअरचा वेगळा स्विचिंग बी.ई.सी. बसवला. तो लावताना स्पीड कंट्रोलरच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावायची, म्हणजे दोन सप्लाय एकमेकांशी भांडत नाहीत. ग्राउंड मात्र कॉमनच ठेवायचं.

तुमच्या गाडीत कारण वेगळंही निघेल. सर्व्होचा हॉर्न काढल्यावर थरथर थांबली, तर लिंकेज कुठेतरी घासतंय किंवा एंड पॉइंट जास्त ठेवलाय. फक्त मधल्या जागी थरथरतो, जरा बाजूला नेला की शांत, तर पॉट झिजलाय, कारण बहुतेक वेळ तो तिथेच घासला जातो. इथे मात्र सर्व्हो खरंच दोषी आहे, खुशाल बदला. ब्रश्ड मोटर चालू झाल्यावरच त्रास होत असेल, तर तिच्यावर '१०४' छापलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा: एक दोन्ही टर्मिनलमध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या बॉडीला.

आणि हो, ट्रॅकवर उतरण्याआधी गाडी विटेवर ठेवून ट्रान्समीटर बंद करून बघा. मागची चाकं फिरतच राहिली, तर फेलसेफ सेट केल्याशिवाय गाडी खाली ठेवू नका.