तपासणीपूर्वीचे भय आणि विश्वासणाऱ्याचे धैर्य

शास्त्रपाठ : मार्क १४:३२-४२, १ तीमथ्य ५:२३, इब्री ४:१४-१६.
सुवर्णवचन : स्तोत्र ५६:३. (प्रत्येकाने आपल्या शास्त्रातून वाचून पाठ करावे.)
पाठाचा हेतू : दुखण्याच्या तपासणीचे भय वाटणे हे पाप नव्हे, परंतु त्या भयाच्या सांगण्यावरून निर्णय करू नये, हे समजून घेणे.



पोटात वारंवार जळजळ होणे, घास गिळताना अडकणे, अन्नावरची वासना उडणे, शौचास काळे होणे, अशी दुखणी घेऊन आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळी पुणे शहरी येतात. डॉक्टर पोट तपासून म्हणतात, "दुर्बीण घालून आत पाहावे लागेल." हिलाच एंडोस्कोपी म्हणतात. हे शब्द कानी पडताच पुष्कळांचे अवसान गळते. कोणी म्हणतो, सुगी होऊ द्या, मग येऊ. कोणी म्हणतो, घरी विचारून सांगतो. कोणी परत गावी जाऊन प्रार्थना करीत बसतो आणि त्या बसण्यास विश्वास असे नाव देतो. दुखणे मात्र सुगीसाठी थांबत नाही. यास्तव ह्या आठवड्यात आपण ह्या भयाचा विचार करू.

१. भिणे हे पाप नव्हे

गेथशेमाने बागेतील प्रसंग आपण वधस्तंभाच्या सप्ताहात वाचतो व पुढे जातो. आज तो सावकाश वाचावा. मार्क स्पष्ट लिहितो की, प्रभु त्या रात्री अत्यंत व्याकूळ झाला. ज्याच्या शब्दाने वादळ शांत झाले, त्याच्याही जिवाला पुढील दुःखाचे ओझे वाटले. तेव्हा त्याने तीन गोष्टी केल्या. प्रथम, आपल्या मनाची अवस्था त्याने तिघा मित्रांपासून लपविली नाही. त्यांनी जवळ राहून जागावे अशी त्यांस विनंती केली. दुसरे, आपणास काय नकोसे वाटते हे त्याने पित्यास उघड सांगितले आणि मग पित्याच्या इच्छेस मान दिला. तिसरे, प्रार्थना संपताच तो उठला व समोर चालू लागला.

ह्यावरून शिकावे की, काळीज धडधडणे म्हणजे विश्वास गमावणे नव्हे. "खरा विश्वास असता तर तू भ्याला नसतास," असे जो आजाऱ्यास म्हणतो, तो प्रभूने न लादलेले जू त्याच्या मानेवर ठेवतो.

२. वैद्याकडे जाणे हा अविश्वास नव्हे

तीमथ्याला पोटाचे दुखणे होते व तो वरचेवर आजारी पडे. ज्या पौलाच्या हातून इफिसात अनेक रोगी बरे झाले, त्याच पौलाने ह्या आपल्या प्रिय लेकरास विश्वास उणा असल्याचा दोष दिला नाही. त्याने त्यास त्या काळचे औषध सांगितले. पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यावा असे लिहिले. (हे औषध म्हणून होते, व्यसनास परवाना म्हणून नव्हे.) हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली व देवाने ती ऐकली, तरी यशयाने गळवावर अंजिराचा लेप बांधण्यास सांगितलेच.

काही जण आसा राजाचे उदाहरण पुढे करतात. २ इतिहास १६ नीट वाचावे. आसा वैद्यांकडे गेला हा दोष तेथे सांगितलेला नाही. परमेश्वरास सोडून केवळ वैद्यांकडे गेला, हा दोष सांगितला आहे. आपण दोघांकडेही जावे.

३. भयाला त्याचे नाव विचारावे

अंधारात पडलेली दोरी साप भासते. दिवा नेला म्हणजे दोरी दिसते. म्हणून आजाऱ्यास "भिऊ नकोस" म्हणण्यापूर्वी "नेमके कशाचे भय वाटते?" हे विचारावे. उत्तरे निरनिराळी येतात.

"नळीने श्वास कोंडेल." दुर्बिणीची नळी करंगळीएवढी जाड व लवचीक असते. ती अन्ननलिकेतून जाते. श्वासनलिका निराळी आहे. नळी आत असता नाकाने व तोंडाने श्वास चालूच राहतो. घशाशी आल्यावर उमासा येतो, हे खरे. हळूहळू दीर्घ श्वास घेत राहिल्याने तो कमी होतो.

"फार दुखेल." आधी घशात बधिर करणारा फवारा मारतात. पुष्कळ ठिकाणी गुंगीचे इंजेक्शनही देतात. ते मिळेल काय, हे आधी विचारावे. आत हवा भरतात, त्यामुळे पोट फुगल्यासारखे वाटते व ढेकर येतात. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. तपासणीसाठी आतील अस्तराचा कण घेतला तरी तो घेताना दुखत नाही. साधी तपासणी बहुधा पाच ते दहा मिनिटांत आटोपते.

"जिवाला धोका आहे." नुसत्या पाहण्याच्या तपासणीत अन्नमार्गास इजा होणे किंवा रक्तस्राव होणे फार क्वचित घडते. मुळीच घडत नाही असे मात्र सांगू नये. धोका काय व फायदा काय हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क रोग्यास आहे, आणि सही करण्यापूर्वीच विचारावे.

"वाईट काही निघाले तर?" बहुतेकांचे खरे भय हेच असते, नळीचे नाव केवळ पुढे केलेले असते. येथे एक गोष्ट मनात पक्की धरावी. दुर्बीण रोग निर्माण करीत नाही, असलेला दाखविते. पोटातील व्रणांचे मोठे कारण एक जंतू आहे, हे ऑस्ट्रेलियातील वॉरेन व मार्शल ह्या डॉक्टरांनी १९८२ च्या सुमारास शोधिले व २००५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. असा व्रण आज काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होऊ शकतो. कर्करोग असला तरी तो लवकर कळल्यास उपचारास अधिक वाव राहतो. न पाहिल्याने रोग नाहीसा होत नाही. वेळ मात्र नाहीशी होते.

४. तपासणीची तयारी

तपासणीपूर्वी साधारण सहा ते आठ तास काही खाऊ नये. पाणी केव्हापर्यंत चालेल हे डॉक्टर सांगतील तसे करावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे, हृदयविकार, दमा, गर्भारपण, पूर्वी एखादे औषध न मानवल्याची हकीकत, हे सर्व आधी सांगावे. आपल्याच मनाने कोणतेही औषध बंद करू नये. हलणारा दात किंवा कवळी असल्यास सांगावे. जुने कागद बरोबर घ्यावेत. एक सोबती अवश्य न्यावा. गुंगी दिली असल्यास त्या दिवशी गाडी चालवू नये.

तपासणीच्या वेळी डाव्या कुशीवर निजवितात व दातांमध्ये एक पोकळ तुकडा धरावयास देतात. नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नये, नाहीतर ठसका लागेल. घसा एखादा दिवस खवखवतो. परंतु पोटात वा छातीत जोराच्या वेदना, ताप, रक्ताची उलटी, काळे शौच किंवा श्वासास त्रास झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात परतावे.

५. ससून रुग्णालयातील एक रात्र

पुणे स्टेशनाजवळचे ससून रुग्णालय आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे. तेथे १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या एका रोग्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ते महात्मा गांधी होत. १९०९ साली लिहिलेल्या 'हिंद स्वराज्य' ह्या पुस्तकात त्यांनी डॉक्टर व रुग्णालये ह्यांवर कडक टीका केली होती. शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडक हे इंग्रज, म्हणजे ज्या सरकारने त्यांस कैदेत ठेविले त्याच सरकारचे नोकर. तरीही गांधींनी संमतिपत्रावर सही केली. पेन्सिल धरलेला त्यांचा हात थरथरत होता, आणि तसे त्यांनी स्वतःच डॉक्टरांस बोलून दाखविले. पुढे शस्त्रक्रिया चालू असता विजेचे दिवे गेले, हातातील बॅटरीही विझली, आणि राहिलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. रोगी बरा झाला व ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांस मुक्त केले.

ते आपल्या धर्माचे नव्हते; तरी ह्या प्रसंगापासून शिकण्यासारखे आहे. हात थरथरला म्हणून सही खोटी ठरत नाही. थरथरत्या हाताने दिलेली संमतीही पूर्ण संमती होय. त्याप्रमाणेच थरथरत्या ओठांची प्रार्थना ही पूर्ण प्रार्थना होय.

६. जो आपल्या आधी गेला

जठरात डोकावण्याचा पहिला प्रयत्न १८६८ साली जर्मनीत कुसमौल ह्या डॉक्टरांनी केला. त्यांची नळी ताठ होती, म्हणून ती गिळण्यास त्यांना तलवारी गिळणारा खेळकरी शोधावा लागला. आजच्या लवचीक दुर्बिणीचा पाया डॉ. बेसिल हर्शोविट्झ ह्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात काम करीत असता घातला. केसासारख्या काचतंतूंतून प्रकाश नेणारी ती नवी दुर्बीण तयार झाली तेव्हा, १९५७ साली, त्यांनी ती प्रथम स्वतःच्या घशातून घातली. रोग्याची पाळी त्यानंतर आली.

हे वाचून इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायाची आठवण होते. आपला मुख्य याजक दुरून धीर देणारा नाही. आपल्या दुर्बळतेची पारख त्याने स्वतः घेतली आहे. व्याकूळ रात्र, सोडून गेलेले सोबती, देहाच्या वेदना, ह्या सर्वांतून तो आपल्या आधी गेला. म्हणून तपासणीच्या खोलीत जाताना आपण अनोळखी वाटेने जात नाही. त्या वाटेवर त्याची पावले आहेत.

तो निकाल चांगलाच येईल असे वचन त्याने दिलेले नाही. निकाल कसाही आला तरी तो आपणास सोडणार नाही, हे वचन त्याने दिले आहे. आजाऱ्यास तेवढेच द्यावे. त्याहून अधिक देण्याचा अधिकार आपणास नाही.

७. उपदेशकांस सूचना

मंडळीतील आजाऱ्यास शहरी जाणे पडले तर त्याजबरोबर जावे किंवा शहाणा सोबती द्यावा. त्याचे प्रश्न कागदावर लिहून द्यावेत, कारण डॉक्टरांपुढे माणूस विसरतो. खर्चाची विवंचना असल्यास सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी. प्रार्थना थोडक्यात करावी. दाराशी लांबलचक प्रार्थनेने भय वाढते. इतरांच्या वाईट हकीकती सांगू नयेत. गेथशेमानेत शिष्यांस भाषण करावयास सांगितले नव्हते, जागे राहावयास सांगितले होते. तुम्हीही बाहेर जागे बसा. आणि निकाल कळल्यावर रोग्याच्या परवानगीवाचून तो भजनात वा चावडीवर बोलू नका.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. बागेत प्रभूने आपले दुःख कोणाकोणास सांगितले? आपण कोणास सांगतो?
२. आसा राजाचा खरा दोष कोणता?
३. पौलाने तीमथ्यास काय सांगितले व काय सांगितले नाही?
४. आपल्या गावात भयामुळे तपासणी टाळणारा कोणी आहे काय? त्याजबरोबर कोण जाईल, हे आजच ठरवावे.

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू आमचे अंतर्याम जाणतोस. तुझ्यापासून काही लपलेले नाही. जे आज तपासणीस भितात त्यांस जाण्याचे बळ दे, डॉक्टरांच्या हातांस कौशल्य दे, आणि आम्हांस त्यांच्याजवळ जागे राहण्याची कृपा दे. जे प्रकाशात येईल ते तुझ्या हाती सोपविण्यास आम्हांस शिकव. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.