आकड्यांचा लेसर

लोखंडी पत्रा कापताना तुम्ही पाहिला असेल. करवत कर्कश आवाज करते, ठिणग्या उडतात. हेच काम प्रकाशाचा एक किरण करू शकतो. तो आपल्या डोळ्यांना दिसतही नाही! हा लेसर किरण.

आपण उच्छ्वासातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, त्या वायूवर चालणारा लेसर १९६४ साली कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे.

या लेसरच्या नळीत तीन वायू असतात. विजेमुळे नायट्रोजनला ऊर्जा मिळते. तो ती कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतो. जणू ते जिन्याच्या वरच्या पायरीवर चढतात. तेथून खालच्या पायरीवर उतरताना ते प्रकाश देतात. हेलियम खालची पायरी रिकामी करतो आणि उष्णता वाहून नेतो. नळीच्या दोन्ही टोकांना आरसे असतात. त्यांच्यामध्ये प्रकाश सारखा ये-जा करतो आणि वाढत जातो.

मग तुम्ही म्हणाल, जास्त वीज द्या, जास्त प्रकाश मिळेल. अडचण इथेच आहे. दिलेल्या विजेचा फार तर पाचवा भाग प्रकाश होतो. बाकीची उष्णता होते. वायू फार तापला, की खालच्या पायरीवर आधीच गर्दी होते आणि किरण दुबळा पडतो. म्हणून मोठ्या यंत्रांत वायू वेगाने फिरवून थंड करतात. पण वेग किती हवा? नळी किती रुंद हवी? प्रत्येक वेळी नवे यंत्र बांधून पाहणे कोणाला परवडेल?

म्हणून यंत्राची नक्कल संगणकात करतात. नळीचे हजारो लहान खण कल्पायचे. प्रत्येक खणात वीज किती आली, वायू किती तापला, किती रेणू वरच्या पायरीवर आहेत, हे संगणक मोजतो. एका खणातला तापलेला वायू पुढच्या खणात जातो, म्हणून तिथला हिशेब बदलतो. मग काळ किंचित पुढे सरकवायचा आणि सारे पुन्हा मोजायचे. माणूस कंटाळेल, संगणक कंटाळत नाही.

अशा कामाची सुरुवात जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतच फॉक्स आणि ली यांनी नुसते दोन आरसे घेऊन, तेही कागदावरचे, संगणकाकडून प्रकाशाच्या ३०० फेऱ्या मोजून घेतल्या. हळूहळू प्रकाशाला ठरावीक आकार आला : मध्ये तेजस्वी, कडेला मंद. हे काम १९६१ साली प्रसिद्ध झाले.

मात्र संगणकाला चुकीची माहिती दिली, तर तो तितक्याच झटपट चुकीचे उत्तर देतो. वायू आहे त्यापेक्षा थंड आहे असे सांगा. तो बिनदिक्कत जोरदार किरण दाखवील! म्हणून त्याचे उत्तर खऱ्या यंत्राशी ताडून पाहावेच लागते.

आज धातू कापण्याचे बरेच काम फायबर लेसर करतात. कार्बन डायऑक्साइड लेसर कापड, लाकूड, प्लॅस्टिक कापतो. त्याचे एक नवे काम तर ऐकण्यासारखे आहे. एका यंत्रात कथलाचे बारीक थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या वेगाने सुटतात. या लेसरचा मारा प्रत्येक थेंबावर होतो. त्यातून निघणाऱ्या प्रकाशाने संगणकाच्या चिपवर अतिसूक्ष्म नक्षी उमटवतात.