घेतलेल्या वर्षांचं देणं



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकावर. भाव असा: देवांनी दिलेलं त्यांना काहीच परत न करता जो एकटाच भोगतो, तो चोर. श्लोक यज्ञाबद्दल आहे, पण आज तो नोकरीला लावून बघू.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'ॲट-विल' नोकरी असते. भेदभावासारखी बेकायदा कारणं सोडली, तर मालक कारण न सांगता कधीही काढू शकतो आणि माणूसही कधीही सोडू शकतो. ऐकायला बरोबरीचं वाटतं. पण माणूस गेला तर कंपनी दुसरा शोधते. नोकरी गेली तर घराचा हप्ता, आईचं औषध, सगळंच अडतं. मोकळीक सारखी, मार सारखा नाही.

मी लातूरचा, इंजिनिअरिंग नांदेडला केलं. आमच्याकडे सालगडी ठरतो तो पाडवा ते पाडवा. पाऊस रुसला तरी साल मोडायचं नाही, हा शब्द असतो. यात सगळं गोड नाही. उचल घेतलेल्या गड्याला मधेच सोडताही येत नाही. म्हणजे नुसतं बांधून ठेवणं हाही धर्म नव्हे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मधली वाट दाखवली. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार. काढता येतं, पण घेतलेल्या वर्षांचं देणं फेडून. बारावा श्लोक याहून वेगळं काय सांगतो? आयटीवाला मात्र 'कामगार' आहे का, इथूनच वाद सुरू होतो. माझ्या ओळखीच्या एकाला सकाळी मीटिंगला बोलावलं आणि दुपारच्या आत त्याचा लॅपटॉप बंद झाला.

अशा माणसाला काही जण दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक ऐकवतात: फळाची आशा धरू नकोस. अहो, ते अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या कर्माबद्दल सांगितलंय. दुसऱ्याचं फळ अडवून ठेवायचा तो परवाना नाही!

आजचा अभ्यास: तुम्ही टीम लीड असाल आणि कधी नावांची यादी हातात आली, तर समोर बसून कारण सांगा, पूर्ण नोटीस मिळावी म्हणून भांडा, पुढच्या नोकरीसाठी शब्द टाका. नोकरी तुमची गेली असेल, तर हक्काचं मागताना लाजू नका. देणं मागणं म्हणजे आसक्ती नव्हे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.