मूत्रपिंड, हिमोग्लोबिन आणि नऊ अभ्यास

मुलांनो, गुलबर्ग्यात तुरीचा अंदाज आपण एका शेतावरून बांधत नाही, गावोगावची रास पाहतो. औषधांचेही तसेच. मूत्रपिंड बिघडले की एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी बनते आणि रक्त कमी होते. मग इंजेक्शन देऊन हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतके केले तर चांगलेच, असे आपल्यालाही वाटते. पण 2007 साली नऊ अभ्यासांतील 5143 रुग्णांचे आकडे एकत्र केले गेले (मोठ्या अभ्यासाला वजन जास्त). हिमोग्लोबिन जास्त ठेवलेल्या गटात मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी अधिक निघाला! म्हणून आता या औषधाने ते मुद्दाम 13 ग्रॅमच्या वर नेत नाहीत. घरात कोणाचे डायलिसिस चालू असेल आणि रिपोर्टात आकडा कमी दिसला, तर इंजेक्शन वाढवून मागण्याआधी डॉक्टरांना विचारा.