आधी वेळ बघ, मग रंग

पुणे

चि. मनू हिस,


तुझं पत्र मिळालं. नव्या नोकरीत इतक्या लवकर सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या नागिओसचा कारभार तुझ्यावर सोपवला, याचा फार आनंद झाला. रात्रीच्या बॅकअपचा निकाल शिळा झाल्याचा अलर्ट अधूनमधून पहाटे येतो, तासाभरात निवळतो आणि 'तो बंदच करून टाक' असं सगळे सांगतात, असं तू लिहिलंयस. बंद करू नकोस. तो का येतो, ते शोध.

पडद्यावरचा हिरवा रंग एवढंच सांगतो, की शेवटचा निकाल आला तेव्हा सगळं ठीक होतं. तो निकाल कधी आला, हे 'लास्ट चेक'च्या रकान्यात असतं आणि घाईत तिकडे कुणी बघत नाही. लाल दिवा माणसाला जागं करतो, शिळा हिरवा दिवा मात्र निजवून ठेवतो. म्हणून आधी वेळ बघ, मग रंग.

अ‍ॅक्टिव्ह चेकमध्ये नागिओस स्वतः जाऊन विचारतो. पॅसिव्ह चेकमध्ये समोरचा सर्व्हर आपणहून कळवतो. तुझ्या बॅकअपचं तसंच आहे : काम उरकलं की स्क्रिप्ट एनएससीए या निकाल पोचवणाऱ्या प्रोग्राममार्फत निकाल पाठवते. पण स्क्रिप्ट चाललीच नाही, तर कळवणार कोण? कालचा हिरवा तसाच राहतो. गावी एकट्या राहणाऱ्या आजीचा रोजचा फोन आला नाही, तर ती बरीच असेल असं धरून आपण बसत नाही, चौकशी करतो. फ्रेशनेस चेक तीच चौकशी करतो. ठरलेल्या मुदतीत निकाल आला नाही, की त्या सर्व्हिसची चेक कमांड नागिओस स्वतः चालवतो. अ‍ॅक्टिव्ह चेक बंद ठेवलेले असले तरीही.

ही कमांड कोणती आहे, ते आजच उघडून बघ. बहुधा तिथे 'चेक डमी' हा प्लगिन असतो. त्याला जो आकडा द्यावा, तोच तो निकाल म्हणून परत करतो : 0 म्हणजे ओके, 1 वॉर्निंग, 2 क्रिटिकल, 3 अननोन. कुणी तिथे 0 घालून ठेवला असेल, तर बॅकअप बंद पडल्यावर नागिओस स्वतःच 'ओके' लिहील, तेही ताज्या वेळेसह. मग वेळ बघूनही तू फसशील. तिथे 2 हवा आणि सोबत स्वच्छ वाक्य हवं : 'रात्रीच्या बॅकअपचा निकाल आलेला नाही.'

आता मुदतीचं. अलर्ट येऊन आपोआप निवळतो, तेव्हा पहिला संशय फ्रेशनेस थ्रेशोल्डवर घ्यावा. तिथे 86,400 सेकंद, म्हणजे बरोबर 24 तास असतील, तर घोळ तिथेच आहे. बॅकअप काल तीनला संपला आणि आज पावणेचारला, एवढ्यानेही निकाल शिळा ठरतो. गेल्या महिन्याचा लॉग काढ, सर्वांत जास्त उशीर किती झाला ते बघ आणि त्यावर थोडी सवड ठेव. तासाभराचा उशीर होत असेल तर 93,600, म्हणजे 26 तास पुरतील. रात्रीची झोप मिळावी म्हणून तीन दिवसांची मुदत मात्र देऊ नकोस. दोन रात्री बॅकअप झाला नाही तरी मग कुणाला कळणार नाही.

अलर्ट निवळतच नसेल, तर निकालाच्या वाटेने एकेक टप्पा चाल. सर्व्हरवर क्रॉनचा लॉग बघ : स्क्रिप्ट चालली का? तिथून नागिओसच्या 5667 पोर्टपर्यंत वाट मोकळी आहे का? पासवर्ड आणि एन्क्रिप्शनची पद्धत दोन्हीकडे सारखी आहे का? मग नागिओसचा लॉग वाच. निकाल पोचला, पण त्या नावाची सर्व्हिसच सापडली नाही, अशी तक्रार तिथे असू शकते. होस्टचं आणि सर्व्हिसचं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही.

एकाच वेळी बऱ्याच सर्व्हिस शिळ्या दिसल्या, तर बिघाड बहुधा नागिओसच्याच घरात असतो. स्टेटस डॅट ही फाइल शेवटची कधी बदलली आणि डिस्क भरली आहे का, ते बघ. पान रिफ्रेश केल्यावर स्टेटस मागेपुढे होत असेल, तर नागिओसचे दोन डीमन, म्हणजे मागे चालणाऱ्या मुख्य प्रक्रिया, एकदम चालू आहेत का, ते तपास. नागिओस 4 मध्ये वर्कर प्रक्रिया अनेक दिसतात, त्या नेहमीच्याच. स्वतंत्र मुख्य डीमन मात्र एकच हवा. आणि हे सगळं रिस्टार्ट करण्याआधी कर. रिस्टार्टने पडदा तात्पुरता साफ दिसेल, पण जे बघायचं होतं तेच पुसलं जाईल.

दुरुस्ती झाली, की टीमला आधी सांगून एका रात्री निकाल पाठवणं मुद्दाम थांबव आणि अलर्ट येतो का ते बघ. तो आला तरच काम झालं म्हण. ज्या दिव्यावर विसंबून लोक घरी जाऊन झोपतात, तो खरा ठेवणं ही तुझी जबाबदारी आहे. ती मनापासून सांभाळ.

तुझा,
मामा